डोंगरवाटेची सोबत

सेलूहून हिंगणीच्या रस्त्याला लागले म्हणजे समोर बोरच्या टेकड्या दिसू लागतात. या टेकड्यांच्या मागे काय आहे, असे लहान मुलाने विचारले की आपल्याकडची वडीलधारी माणसे ‘महादेव’ असे एका शब्दात उत्तर देत. भूगोलाच्या दृष्टीनेही हे उत्तर चुकीचे नाही. सेलूपासून जवळजवळ थेट उत्तरेस, सरळ रेषेत सुमारे १८० किलोमीटरांवर, सातपुड्याचा सर्वांत उंच भाग आहे. त्याला महादेवाचे डोंगर म्हणतात, आणि पचमढीचे पठार हे त्या डोंगरांचे काळीज होय. विदर्भातील शेतकरी, मजूर, कारागीर आणि त्यांच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या या डोंगरांकडे पायी जात आल्या आहेत. त्या वाटेविषयी, आणि एकूणच लांबच्या डोंगरवाटेवर माणसामाणसांत जे घडते त्याविषयी, येथे काही सांगावयाचे आहे.

प्रारंभीच एक खुलासा केलेला बरा. आम्ही धर्मशास्त्राचे अभ्यासक नाही, गिर्यारोहकही नाही. जिनिंग-प्रेसिंगचे कामगार, बाजारातले हमाल, बांधकामावरचे मजूर यांच्या संघटनेत आमची तीस वर्षे गेली. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. माणसे एकत्र कशी येतात आणि कशापायी फुटतात, हे पाहणे हाच आमचा रोजचा उद्योग. त्यामुळे महादेवाच्या वाटेवर अनेकदा गेलो, तेव्हा देवाच्या जोडीला आम्ही हेही पाहत होतो.

लांबची डोंगरवाट चालून आलेला माणूस दोन गोष्टींचे वर्णन करतो: सृष्टीची शोभा आणि वाटेवरची सोबत. बहुतेकांची समजूत अशी असते की, या दोन्ही गोष्टी वाटेवर आयत्याच पडलेल्या असतात. जावे आणि उचलावे. शोभेच्या बाबतीत हे अर्धे खरे आहे. सोबतीच्या बाबतीत मुळीच खरे नाही. दहा हजार माणसे एका दिशेने चालली म्हणजे गर्दी होते. सोबत ही माणसांना उभारावी लागते, तिचे नियम असतात आणि ते पाळावे लागतात.

आता ही वाट कशी आहे ते पाहू.

महादेवाकडे जाण्याचे हंगाम दोन. पहिला महाशिवरात्रीचा. कापूस वेचून झालेला असतो, तूर घरात आलेली असते, गहू-हरभरा सोंगणीला येऊ लागलेला असतो. अशा वेळी शेतात राबणाऱ्याला चार दिवसांची सवड सापडते. या यात्रेत नवस फेडणारे लोक खांद्यावर लोखंडी त्रिशूळ घेऊन चौरागडावर चढतात. चौरागडाची उंची सुमारे १३२५ मीटर आहे, शेवटच्या चढणीला तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आणि माथ्यावर वर्षानुवर्षे वाहिलेल्या त्रिशूळांची रास पडलेली आहे. दुसरा हंगाम श्रावणातल्या नागपंचमीचा. एकदा पावसाची झड लागली म्हणजे शेतात पाऊल टाकता येत नाही, डवरे थांबतात, निंदण थांबते. त्या दिवसांत माणसे पचमढीजवळच्या नागद्वारला जातात. ही वाट सातपुडा व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातून जाते, म्हणून ती वर्षातून नागपंचमीच्या सुमाराचे दहाएक दिवसच लोकांना मोकळी असते. त्या थोडक्या दिवसांत तेथे जी भाषा सर्वांत जास्त ऐकू येते ती आपली वऱ्हाडी-नागपुरी मराठी होय, मग राज्य मध्य प्रदेशचे का असेना.

पूर्वी मोटारी नव्हत्या तेव्हा माणसे घरापासून पायी निघत. सेलू-वर्ध्याकडच्या माणसाने कोंढाळी, काटोल या बाजूने जावे, पांढुर्णा-सौंसरचा संत्र्यांचा मुलूख ओलांडावा आणि सातपुड्याच्या पठारावर चढावे. पांढुर्णा आता मध्य प्रदेशात, २०२३ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण आहे. परंतु तेथल्या बाजारात आजही मराठी चालते. पुढे जुन्नारदेव लागते. तेथल्या महादेवाच्या देवळाला ‘पहिली पायरी’ असेच नाव आहे. घाट चढायला अजून कितीतरी कोस असताना त्या ठिकाणाला पायरी म्हणणे, यात चालणाऱ्याच्या मनाची मोठी जाण आहे. लांबची वाट तुकड्यातुकड्यांनी चालावी लागते, आणि पहिल्या तुकड्याला मान द्यावा लागतो.

या वाटेवर पायाखालची जमीन तीन वेळा बदलते. वर्धा-नागपूरकडची काळी माती ही ज्वालामुखीच्या काळ्या खडकातून झालेली. तो खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराचा. जुन्नारदेव, दमुआ, परासिया या पट्ट्यात जमिनीच्या पोटात कोळसा आहे. हा पेंच-कान्हान खोऱ्यातला कोळसा. १९७३ मध्ये येथल्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच्याही पुढे पचमढीचा तांबूस-पिवळसर वाळूचा दगड येतो. कोळशाचे थर आणि हा वाळूचा दगड एकाच मोठ्या खडकसमूहातले आहेत, आणि त्या समूहाला भूगर्भशास्त्रज्ञांनी गोंडांच्या देशावरून ‘गोंडवन’ हे नाव दिले. पुढे पृथ्वीवरच्या एका अतिप्राचीन महाखंडालाही हेच नाव मिळाले. ज्या गोंड आणि कोरकू लोकांचे हे डोंगर, त्यांचे नाव जगाच्या भूगोलात गेले. त्यांच्यातली अनेक गावे मात्र व्याघ्रप्रकल्पासाठी डोंगरातून उठवून बाहेर वसविण्यात आली. यात्रेकरूने चार दिवसांच्या वाटेचा आनंद घेताना ही गोष्टही लक्षात ठेवावी.

जमिनीबरोबर झाडे बदलतात. काळ्या खडकावर साग असतो; पचमढीच्या वाळूच्या दगडावर एकदम सालाचे झाड भेटते. सालाचा मोठा मुलूख येथून दूर पूर्वेस आहे, आणि पचमढीचे सालवन हे त्याचे पश्चिमेला एकटे राहिलेले बेट होय. शिवरात्रीला जाल तर पळस फुललेला असतो आणि रान विरळ असते, त्यामुळे दऱ्या तळापर्यंत दिसतात. नागपंचमीला जाल तर दऱ्या दिसतच नाहीत. धुके खालून वर येते, जवळचा माणूस सावलीसारखा होतो, आणि पाण्याचा आवाज कोणत्या बाजूने येतो तेही कळत नाही. मग क्षणभर धुके फाटते आणि समोर सरळ तुटलेला कडा, त्यावरून पडणारे तीन-चार पांढरे धागे, आणि खाली हिरव्या रानाचा तळ दिसतो. एवढ्यात ते पुन्हा मिटते.

आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, पण समजून घेतली तर वाट मोठी होते. बोर, वर्धा, कान्हान या नद्यांचे पाणी शेवटी गोदावरीला मिळून पूर्वेच्या समुद्रात जाते. पचमढीच्या डोंगरातली देनवा तव्याला मिळते, तवा नर्मदेला, आणि नर्मदा पश्चिमेच्या समुद्राला. म्हणजे सेलूहून निघालेला यात्रेकरू वाटेत कोठेतरी दोन समुद्रांमधला उंबरठा ओलांडतो. एका ओढ्यात पाय धुतले तर ते पाणी बंगालच्या उपसागराकडे चालले आहे. पुढच्या एका ओढ्यात धुतले तर अरबी समुद्राकडे.

हे झाले शोभेविषयी. आता सोबतीकडे वळू.

महादेवाला जाणारी माणसे मंडळीमंडळींनी जातात. एका गावची किंवा एका मोहल्ल्याची पंधरा-वीस माणसे, फार तर तीस. याहून मोठी मंडळी झाली की ती आपोआप फुटते, हा आमचा अनुभव आहे. जाण्याआधी महिनाभर वर्गणी गोळा होते आणि वहीत लिहिली जाते. कणीक, डाळ, तिखट-मीठ, तेल यांचा हिशेब होतो. कोणी पैसे देऊ शकत नाही तो कणीक देतो, तेही नसेल तर स्वयंपाकाचे भांडे वाहण्याचे काम पत्करतो. भजन म्हणणारा एक लागतो, डफ वाजवणारा एक, वाट माहीत असलेला एक, आणि भांडण मिटवणारा एक. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. मंडळीत बायका निम्म्या तरी असतातच, आणि हिशेबाची वही बहुधा त्यांच्यातल्याच एखादीच्या कमरेला असते.

चालण्याची रीत अशी. वाट माहीत असलेला पुढे. सर्वांत बळकट माणूस सर्वांत मागे. हे पुष्कळांना उलटे वाटते. बळकट माणसाने पुढे जाऊन जागा धरावी, असे त्यांचे म्हणणे. परंतु मागे राहिलेल्याला उचलायचे असेल तर उचलणारा त्याच्याही मागे असावा लागतो. पुढे गेलेला बळकट माणूस चढण उतरून परत येत नाही, त्याचे मन येत नाही. आम्ही मोर्चे काढले त्यांतही हाच नियम ठेवला. मोर्चाची लांबी घोषणा देणाऱ्यांवरून मोजू नये, शेवटच्या माणसापर्यंत मोजावी.

दुसरा नियम ओझ्याचा. पहिल्या दिवशी प्रत्येक जण आपापले गाठोडे उचलतो. दुसऱ्या दिवशी गाठोडी सोडून पुन्हा बांधली जातात, कारण कोणाचे पाय सुजले, कोणाच्या खांद्याला रग लागली, हे तोवर कळलेले असते. ही पुन्हा बांधणी न झाल्यास तिसऱ्या दिवशी मंडळीत कुरबूर सुरू होते, आणि ती डाळीत मीठ कमी पडले या निमित्ताने बाहेर येते. खरे कारण मिठात नसते, ओझ्यात असते.

नागद्वारच्या वाटेवरचा एक प्रसंग सांगतो. ओल्या दगडांची उतरण होती. काही ठिकाणी तेथे लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत आणि त्यांवर उतरताना पुढच्याने मागच्याचा पाय धरून पायरीवर ठेवावा लागतो. एक म्हातारी दगडावर बसलेली आढळली. दुसऱ्या गावच्या मंडळीतली होती. तिची तरणी माणसे ‘पुढे भंडाऱ्यावर थांबतो’ असे सांगून निघून गेली होती. आमच्यातल्या एकाने विचारले, “माय, चालनं होत नाई काय?” ती म्हणाली, “तुमी चाला रे पोट्टेहो, मी येतो मांगून.” तिचा गुडघा भाकरीसारखा फुगला होता. मंडळीत थोडी कुजबुज झाली. अंधार पडायच्या आत वर पोचायचे होते. आमच्यात बाजारात पोती वाहणारे दोन हमाल होते. त्यांतला एक काही न बोलता तिच्याजवळ बसला आणि आपला शेला सोडून तिचा गुडघा आवळून बांधू लागला. हमालाला गुडघा कसा बांधावा हे वैद्याइतकेच कळते. तो बसला, मग सगळेच बसले.

त्या बसण्यात अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात धुके उठले. आम्ही ती वाट आधी दोनदा चाललो होतो. डाव्या हाताला एवढी खोल दरी आहे, आणि तिच्या पलीकडच्या कड्यावर झाडे अशी उलटी लोंबकळून वाढली आहेत, हे त्या दिवशी प्रथम दिसले. झाडांतून एक शेकरू उडी मारून गेले, तांबडी लांब शेपटी मागे तरंगत होती. म्हातारी म्हणाली, “पाहा बापा, देवानं दाखोलं.” ती बसली म्हणून आम्ही थांबलो, आणि थांबलो म्हणून पाहिले. लांबच्या वाटेवर सर्वांत हळू चालणारा माणूस इतरांना अडवतो असे वाटते. पुष्कळदा तोच इतरांना डोंगर दाखवतो. शोभा आणि सोबत यांचा संबंध आम्हाला तेथे कळला.

या वाटेवर भुराभगत नावाचे एक ठिकाण आहे. लोक सांगतात ती आख्यायिका अशी: भुरा हा महादेवाचा भक्त. देव प्रसन्न झाला तेव्हा त्याने मागितले ते एवढेच, की मी तुझ्या पायाशी राहावे आणि येणाऱ्यांना तुझी वाट दाखवावी. आख्यायिकेचा इतिहास तपासण्याचे आम्हाला कारण नाही. मागून येणाऱ्याला वाट दाखवणे हा वर आहे, असे ज्या लोकांना वाटले त्या लोकांना डोंगर चालणे ठाऊक होते, एवढे निश्चित.

ही गोष्ट आपल्यापुरतीच आहे असे कोणी समजू नये. १८९५ साली व्हिएन्ना शहरात एक शिक्षक, एक लोहार आणि एक विद्यार्थी यांनी पुढाकार घेऊन कामगारांची डोंगर चालण्याची संस्था काढली. त्या काळी आल्प्सचे डोंगर चढणे हा सुखवस्तू लोकांचा छंद होता. कारखान्यातल्या माणसाला सुटी नव्हती आणि डोंगरावर झोपायला जागाही नव्हती. या ‘निसर्गमित्रां’नी स्वतःच्या श्रमाने डोंगरात झोपड्या बांधल्या. वाटेत भेटल्यावर ते एकमेकांना ‘डोंगर मोकळा’ अशा अर्थाचा नमस्कार करीत. त्या संस्थापकांतला विद्यार्थी कार्ल रेनर हा पुढे १९४५ मध्ये ऑस्ट्रियाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

इंग्लंडात डोंगर मोकळे नव्हते. मँचेस्टर आणि शेफील्ड या गिरण्या-भट्ट्यांच्या शहरांमध्ये किंडर स्काउट नावाचे उंच माळरान आहे. पक्ष्यांच्या शिकारीसाठी जमीनदारांनी ते राखून ठेवले होते. २४ एप्रिल १९३२ रोजी काही शे तरुण कामगार उघडपणे त्यावर चढून गेले. पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांतला पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. १९३५ साली टॉम स्टीफन्सन यांनी कामगारांच्या एका दैनिकात लेख लिहून लांब पल्ल्याच्या पाऊलवाटेची मागणी केली, आणि बरोबर २४ एप्रिललाच, परंतु १९६५ साली, सुमारे ४३० किलोमीटरांची पेनाइन वाट लोकांसाठी खुली झाली. ती किंडर स्काउटवरूनच जाते.

अमेरिकेत बेंटन मॅके यांनी १९२१ साली ॲपलेशियन पर्वतावरून जाणाऱ्या वाटेची कल्पना मांडली. शहरात श्रमून थकलेल्या माणसांना डोंगरात एकत्र राहता यावे, मिळून काम करता यावे, हा त्यांच्या योजनेचा गाभा होता. १९३७ मध्ये ती वाट जोडून पूर्ण झाली; तिची लांबी सुमारे ३५०० किलोमीटर आहे. ती एका दमात चालून गेल्याची पहिली नोंद १९४८ साली अर्ल शेफर यांच्या नावावर झाली. १९५५ साली एमा गेटवुड नावाची ६७ वर्षांची बाई साधे कापडी बूट घालून आणि घरी शिवलेली एक पिशवी खांद्यावर टाकून ती एकटीने चालली. आपल्याकडच्या चौरागड चढणाऱ्या आजीबाईंना यात नवल वाटणार नाही. त्या वाटेवर माणसे आपले घरचे नाव सोडून वाटेवरचे नाव घेतात. पंढरीच्या वारीत सगळे एकमेकांना ‘माऊली’ म्हणतात त्यातलाच हा प्रकार. नाव खाली ठेवले की नावाला चिकटलेला हुद्दाही थोडा वेळ खाली राहतो.

आणि आपल्या शेजारी पवनार आहे. मार्च १९५१ मध्ये विनोबा तेथून तेलंगणाकडे पायी निघाले. पुढे त्यांची पदयात्रा देशभर झाली आणि १० एप्रिल १९६४ रोजी ते पवनारला परतले. १९५९ च्या पावसाळ्यात काश्मीरकडे जाताना पीर पंजालच्या पायथ्याशी पावसाने त्यांना काही दिवस अडवून धरले होते. मग तेरा हजार फुटांहून उंच असलेली ती खिंड त्यांनी सोबत्यांसह पायीच ओलांडली. भूदानाविषयी आमचे काही मतभेद आहेत, त्यांचे हे स्थळ नव्हे. परंतु चालत जाणाऱ्या माणसाला रस्त्याकडेचा प्रत्येक माणूस भेटतो आणि मोटारीतून जाणाऱ्याला भेटत नाही, हे त्या यात्रेने साऱ्या देशाला दाखवून दिले.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, वाट चाललो की समता आली, मग संघटना कशाला? याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. वाटेवर समता आपोआप येत नाही. इरावती कर्वे यांनी वारीवर लिहिलेला ‘वाटचाल’ हा लेख पुष्कळांनी वाचला असेल. तो १९४९ च्या ‘परिपूर्ती’ या पुस्तकात आहे. एका वाटेने, एका देवाकडे, एकच अभंग म्हणत चालणारी माणसे जेवताना जातीजातीने वेगळी बसत, हे त्यांनी त्यात नोंदवले आणि त्याचे त्यांना दुःख झाले. पाय एकत्र चालतात, चुली वेगळ्या राहतात. महादेवाच्या वाटेवरही पूर्वी निराळे नव्हते. आज मंडळांच्या भंडाऱ्यात एका पंगतीला सगळे बसतात, हा बदल झाला आहे. पण तो डोंगराने केलेला नाही. गावात माणसे त्यासाठी झगडली, मग तो डोंगरावर दिसू लागला.

उलट बाजूने पाहिले तर प्रश्न आणखी अवघड होतो. वाटेवर जी सोबत होते ती मोटारअड्ड्यावर उतरताच कोठे जाते? आमच्या त्याच मंडळीत एक अडत्या होता, आणि वर सांगितलेले दोन हमाल त्याच्याच दुकानी पोती वाहत. चौरागडाच्या पायऱ्यांवर त्याने एका हमालाच्या बायकोचे गाठोडे घेतले. तिला ताप होता. गाठोडे पंधरा किलोचे असेल. निम्म्या वाटेवर तो धापा टाकत बसला आणि सगळे हसले, तोही हसला. परतल्यावर महिन्याभराने बाजारात हमालीच्या दराची बोलणी लागली. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला आम्ही. वाटेवर त्याला ‘भाऊ’ म्हणणारे हमाल आता ‘शेटजी’ म्हणत होते. दरावर त्याने नेहमीसारखीच घासाघीस केली. एक रुपयाही सुखाने सोडला नाही. परंतु दुसरी मागणी पोत्याच्या वजनाची होती. क्विंटलभराचे पोते माणसाच्या पाठीवर देऊ नये, निम्मे भरावे, असे आमचे म्हणणे होते. त्यावर इतर व्यापारी बोलत राहिले. तो एकटा काही बोलला नाही, आणि सर्वांच्या आधी त्याने सही केली.

डोंगराच्या वाटेकडून याहून जास्त अपेक्षा करू नये, आणि याहून कमीही करू नये. तिने त्याचा स्वभाव पालटला नाही, त्याचे हितसंबंध पालटले नाहीत. ओझे म्हणजे काय हे मात्र त्याच्या खांद्याला कळले होते, आणि ज्या एका प्रश्नाचे उत्तर खांद्याने द्यायचे होते तेथे तो खोटे बोलू शकला नाही. महाराष्ट्रात माथाडी-हमालांसाठी १९६९ साली कायदा झाला. कायदा पाहिजेच, संघटनाही पाहिजे. पण कायदा ज्याच्यावर लागू करायचा त्या माणसाने एकदा तरी दुसऱ्याचे ओझे चढणीवर वाहिलेले असले, तर काम सोपे होते.

म्हणून आम्हाला एका गोष्टीची काळजी वाटते. आता मोटारी पार डोंगरापर्यंत जातात. यात वाईट काही नाही; म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना दर्शन घडते. परंतु घरापासून पायी निघणाऱ्या मंडळ्या उणावत चालल्या, गाठोडी पुन्हा बांधण्याचा दुसरा दिवस उरला नाही, आणि माणसे डोंगरावर एकत्र पोचतात ती एकमेकांना न ओळखताच. मग गर्दी असते, सोबत नसते. गर्दीत म्हातारी दगडावर बसलेली राहते. गर्दी आपल्या मागे प्लास्टिकच्या बाटल्या आणि पत्रावळी टाकून जाते, कारण उद्या याच वाटेने आपलाच कोणी येणार आहे ही भावना तिच्यात नसते. वर्षातून दहाएक दिवस मोकळी होणारी वाट आपण अशी वापरली, तर ती आणखी बंद करा असे म्हणणाऱ्यांना आपण काय तोंड देणार?

येत्या शिवरात्रीला किंवा नागपंचमीला जे कोणी जातील त्यांना आमचे सांगणे साधे आहे. मोटारीने जा, पण शेवटचे दोन-तीन मुक्काम तरी पायी चाला. वीस-पंचवीसच माणसांची मंडळी करा आणि वही ठेवा. दुसऱ्या दिवशी गाठोडी सोडून पुन्हा बांधा. बळकट माणूस मागे ठेवा. नेलेला कचरा परत आणा. वाटेत कोणी बसलेले दिसले, तर ते आपल्या गावचे आहे की नाही हे विचारण्याच्या आधी बसा. आणि रात्री मुक्कामाला टेकलात म्हणजे स्वयंपाकाला हात लावण्यापूर्वी एकदा माणसे मोजा.